नियमाबाहेरची फाइल

बायको वारल्याचा फोन हिंगण्याच्या कारखान्यात आला, तेव्हा श्रावण कॉम्प्युटरवर नियम बसवत होता. हजेरीचा प्रोग्राम दिवसभर मागे आपोआप चालायचा. त्यानं कामगारांच्या खासगी फायली उघडू नयेत, असा नियम होता. पण नियम अजून चाचणीवर होता. मोडला, तर कागदावर नुसती नोंद व्हायची. नियम मोडताच प्रोग्रामला अडवणारी रोक लावायच्या आतच फोन आला.

महिन्यानं श्रावणनं तो जुना कागद पाहिला. प्रोग्रामनं त्या दिवशी एकच खासगी फाइल उघडली होती. पॅकिंगमधल्या प्रेमिलाची, त्या दिवशी रजेवर असलेल्या त्याच्या बायकोची. फाइल दहाला उघडली, फोन अकराला आला होता.

आता आईच्या जागी लेक कौसल्या पॅकिंगला लागली होती.

आज सकाळी कागदावर नवी ओळ उमटली. ‘कौसल्या. दहा वाजता. नियमाबाहेर. जाऊ दिले.’

तो कागद घेऊन श्रावण बाबनराव साहेबांकडे धावला. रोक लावायची किल्ली त्यांच्याकडेच असे.

“साहेब, किल्ली द्या मले. आज त्यानं पोरीची फाइल उघडली.”

“काहून गा? बायको गेली तवापासून तुले कागदात भुतं दिसून राहिली. चाचणी सोमवारपर्यंत चालन. जाय, काम कर.”

साहेबांनी किल्ली खिशात घातली.

पॅकिंगच्या मशिनींचा आवाज एकाएकी थांबला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. रोक लावायची अजून बाकी होती.