पेंटरकाकांची भिंत

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर पेंटरकाकांनी गल्लीतल्या गेलेल्या माणसांचे चेहरे रंगवले होते. मधोमध त्यांची बायको हसत होती. गेल्या आठवड्यात त्या भिंतीमुळे ॲम्ब्युलन्स आत वळू शकली नाही आणि शिंपीणकाकूंनी दारातच प्राण सोडला. भिंत पाडायला हवी हे सगळ्यांना कळत होतं, पण काकांसमोर तोंड उघडायची कुणाची छाती होईना. आज सकाळी काका स्वतःच घण घेऊन आले. मुलगी आडवी आली. "बाबा, आईचा चेहरा तरी कापून काढू." "तिला एकटीला वाचवलं, तर बाकीच्यांच्या घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" काकांनी बायकोच्या गालावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि पहिला घाव तिथेच घातला.  मग न्हावी पुढे आला. "तुम्ही बसा काका," म्हणत त्याने घण घेतला आणि आपल्या बापाच्या चेहऱ्यावर घातला.