रहीमभाऊच्या चक्कीचं कंप्युटर

दहाची नाणी नकली असल्याची आवई उठली आणि बार्शीटाकळीत त्यांना कोणी हात लावेना. अब्दुल रहीमच्या चक्कीवर मात्र त्यांचा डबाभर साठा पडून होता, आणि सोयाबीन बुडालेल्या त्या साली तो तसाच सडू देणं परवडणारं नव्हतं.

त्याच्या लेकीनं, मिस्बाहनं, कॉलेजसाठी एक वेबसाइट बनवली. रक्कम टाकली की एक, दोन, पाच आणि दहाच्या कमीत कमी किती नाण्यांत सुटे द्यायचे, ते ती सांगायची. रहीमनं तीस टाकून पाहिले. उत्तर आलं, दहाची तीन नाणी. गडी असा खुलला, की वेबसाइटचा पत्ता त्यानं चक्कीच्या दारावर ऑइलपेंटनं रंगवून घेतला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईनं दळणाच्या वीस रुपयांसाठी पन्नासची नोट दिली. हातावर तीन नाणी पडताच ती फणकारली, "हे चालत नाई, रहीमभाऊ!"

"मी कुठी देऊन राहिलो, वहिनी? कंप्युटर सांगून राहिलं," म्हणत त्यानं मोबाइल पुढं धरला.

कंप्युटरशी कोण भांडणार? चार दिवसांत डबा रिकामा झाला.

पाचव्या दिवशी वच्छलाबाई दोन पायल्या ज्वारी दळून घेऊन गल्ल्यापाशी आली, आणि तिनं दहाची चार नाणी त्याच्यापुढं मांडली.

"वहिनी, हे इथं चालत नाई."

तिनं दारावरच्या पत्त्याकडं बोट दाखवलं आणि दळणाचे चाळीस रुपये टाकलेला आपला मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "मी कुठी देऊन राहिली, भाऊ?"

रहीमनं तिच्यामागच्या रांगेकडं पाहिलं. प्रत्येकीच्या एका हातात मोबाइल होता, आणि दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती.