कोबी आणि शेवग्याचा पाला

“एका दिशी जन्मली, एका चुलीवरचं खात्यात. मग हिला दिसतंय आन् ह्यालाच कसं दिसंना?”

आक्काबाईनं नातवाला दंडाला धरून ग्रामसेविका रतनबाईंपुढं उभं केलं. मच्छिंद्र आणि राही जुळी, पाच सरून सहावं लागलेलं. दिवस मावळला की मच्छिंद्र उंबऱ्याला ठेचकाळायचा, भरला तांब्या लाथाडायचा. राही त्याच वेळी करडामागं अंगणभर पळत असायची. मीठमिरच्या ओवाळून झाल्या, अंगारे लावून झाले. नातवाच्या काळजीनं म्हातारीचा जीव अर्धा झाला होता.

रतनबाईंनी दोघांच्या पापण्या ओढून पाहिल्या. “ताटात काय असतं यांच्या?”

हा प्रश्न आक्काबाईला आवडला. बहात्तरच्या त्या दुष्काळात घोडेगावच्या बाजारात भाजी औषधाला मिळत नव्हती. पण तिचा मुलगा सहादेव श्रीरामपूरला कामाला होता आणि दर आठवड्याला तो कोबीचा एक गड्डा घेऊन यायचा. विकतची, पांढरीशुभ्र भाजी. ती अर्थातच मच्छिंद्रला. राहीला न्हाणीच्या पाण्यावर तगलेल्या शेवग्याचा पाला. पोरीचं काय, पोट भरल्याशी कारण.

रतनबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून एक तक्ता काढला. सहा महिने त्या हा तक्ता गावोगाव हिंडवत होत्या आणि त्याला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं.

पोरांची आई मालन चुलीपासून उठून आली. “बाई, जरा आत चला. मला एकटीला सांगा.”

सून सासूपुढं बुजत असेल, असं रतनबाईंना वाटलं. “अगं, हे सगळ्यांनी ऐकायचं आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तक्ता भिंतीला टेकवला. एका बाजूला कोबीचं चित्र, दुसऱ्या बाजूला शेवग्याच्या डहाळीचं. प्रत्येकापुढं एक लाल पट्टी.

“डोळ्याला जे लागतं, ते कोबीत नावापुरतं. ही बघा त्याची पट्टी, बोटाएवढी. आणि ही पाल्याची, हातभर. राही ठणठणीत आहे ती या पाल्यामुळं. हाडाला, रक्तालाही पालाच चांगला.”

आक्काबाईला अक्षर येत नव्हतं, पण लांबी कळत होती. तिनं दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग ती मटकन खाली बसली. “म्हंजी माज्याच हातानं मी पोराला आंधळं करीत हुते व्हय?” तिनं पदर डोळ्यांना लावला. तिला खरंच फार वाईट वाटलं होतं. रतनबाईंनाही भरून आलं. इतक्या लवकर इतकं नीट ऐकणारं माणूस त्यांना कुठल्याच गावात भेटलं नव्हतं.

मालन मान खाली घालून चुलीकडं गेली.

चार महिन्यांनी रतनबाई पुन्हा आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. मच्छिंद्र अंगणात करडामागं पळत होता. ठेच नाही, अडखळणं नाही. आक्काबाईनं त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

“तुमच्या पायगुनानं पोर हिंडाय लागलं, बाई. लई उपकार झाले.”

रतनबाई हसल्या. “आणि राही कुठं आहे?”

मालन तिला हाताला धरून घरातून बाहेर घेऊन आली. “पायरी हाय,” ती हळूच म्हणाली. राही थांबली आणि पायानं पायरी चाचपायला लागली.

“हिला काय झालं?”

आक्काबाईनंच सांगितलं, अगदी सरळ मनानं.

“झाड एकच, पाला त्यो केवडासा. तुमी सांगितलं त्या दिसापासनं हिचं ताट त्याला, त्याचं हिला.”