घरातला धूर

"आजी, घरात कोण ओढतं?" आरोग्य पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

"कुणी नाही हो. आमच्याकडे विडीसुद्धा येत नाही," मी म्हणाले. तरी माझ्या सुनेच्या, हर्षदाच्या, लघवीच्या तपासणीत तंबाखूचा अंश निघाला होता. तिला सहावा महिना.

"हे बाळापर्यंत पोचतं. वजन भरत नाही, कधी दिवसही भरत नाहीत," बाई म्हणाल्या. मी मुलाकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतेस? तुझ्या देवाची शपथ!" तो म्हणाला.

बाईंनी स्वयंपाकघराच्या दिशेनं वास घेतला. "काय भाजलंय?"

"मिसरी. दात घासायला."

"आणि मिसरी कशाची होते, आजी?"

दर सोमवारी मी तव्यावर तंबाखू भाजते. शेजारी ठसकतात म्हणून खिडकी लावून घेते. हर्षदा तिथंच भाजी निवडत बसते. ती खोकली की मी म्हणायचे, "डोहाळ्यांचं असेल गं, सोस जरा."

"सोडाल ना?" बाईंनी हळूच विचारलं.

मी निर्जळी एकादशी करणारी बाई. पण गेल्या श्रावणात मिसरीची डबी देवापुढे ठेवून सोडली, आणि तिसऱ्याच दिवशी तिथूनच उचलली होती. कुणाला बोलले नव्हते.

ती डबी मी हर्षदाच्या हातात दिली. "फेकून दे. आणि उद्या मी तुझ्या पाया पडले, तरी घरात तंबाखू येऊ देऊ नकोस."