डावी काच

शहापूरला हायवेवर माझं गॅरेज आहे. दर दिवाळीनंतर जगन्नाथपुरीच्या प्रवासाआधी भंडाऱ्याचे वकीलसाहेब मॉरिस गाडी तपासायला आणत. शेजारी बाईसाहेब असत. वळताना दारामागून बाहेर येणारा सिग्नलचा डावा दांडा मोडलेला होता. “पार्टच मिळत नाही,” साहेब म्हणत. म्हणून डावीकडे वळताना बाईसाहेब हिरव्या बांगड्यांचा हात खिडकीबाहेर काढत. ती काच बारा वर्षं वर गेली नाही. यंदा साहेब एकटेच आले. बाईसाहेब श्रावणात वारल्या होत्या. मी प्लग साफ केले, ऑइल बदललं. जॅक काढायला डिकी उघडली, तर स्टेपनीखाली खोक्यात कोरा करकरीत दांडा निघाला. टपालाचा शिक्का एकाहत्तर सालचा, बारा वर्षांपूर्वीचा. “साहेब, हा त केव्हाचा हाय तुमच्याजवळ! बसवला काहून नाही?” “तेव्हा गरज नव्हती,” साहेब म्हणाले, “आता बसवून दे.” मग त्यांनी डावी काच वर चढवली.