पत्र्याची पन्हाळ

रेडिओवरचे जुने मित्र, मोहोपाड्याचे सावंत यांचं पत्र वामनराव ठोंबऱ्यांनी कधीपासून उशाखाली ठेवलं होतं. 'आमच्या सोसायटीनं अँटेना उतरवायला लावली. हॅम रेडिओवरून दूरच्या मित्रांशी होणारं बोलणं थांबलं. तुमची कशी टिकली?'

काय लिहिणार? दहिवलीत मुलाच्या बंगल्यावरची त्यांच्या अँटेनाची तारही उतरली होती. "आप्पा, ही सोसायटी हाय, केबलवाल्याचं दुकान नाय," असं चेअरमन विलास चारचौघांत म्हणाला आणि वामनरावांनी तार गुंडाळून ठेवली. माणसांसमोर त्यांना शब्द सुचत नसत. रेडिओवर समोर कुणी दिसत नसे, म्हणून तिथं ते मोकळं बोलत. आता तेही दार बंद झालं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर विलासनं सगळ्या बंगल्यांना छपराचं पाणी वाहून न्यायला कडेनं सक्तीनं पन्हाळी बसवल्या.

"पत्र्याच्याच ना?" वामनरावांनी चाचरत विचारलं.

"मग काय, आप्पा. आमी हलका माल नाय लावत. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पत्रा हाय."

दुपारी घरात सामसूम झाल्यावर वामनरावांनी खिडकीतून रेडिओची तार पन्हाळीला जोडली; आता तीच अँटेना. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि हाक दिली. खरखरीतून कोल्हापूरचा ओळखीचा आवाज आला, "ठोंबरेसाहेब, होता कुठं इतके दिवस?"

 

दुसऱ्या दिवशी सावंतांच्या नावाचं कार्ड पोस्टाच्या पेटीत पडलं: 'कमिटीला सांगा, पावसाचं पाणी भिंतीवर येतं, पन्हाळ लावून द्या. पत्र्याचीच मागा.'