दिवेलागणीची गर्दी

पुनर्वसन वसाहतीचं स्मृतिभांडार रोज दिवेलागणीला अडकायचं. मागितलेली आठवण क्षणात डोळ्यांपुढे यायला हवी, पण ती येईतोवर हातातला चहा निवून जायचा. भांडार सांभाळणाऱ्या केराप्पाने सगळी यंत्रं तपासली, ती धडधाकट होती. दोष एवढाच की त्या वेळी अख्खी वसाहत एकच आठवण मागायची: धरणात बुडालेल्या गावाची वेस, गऊकाकूच्या डोक्यातून उतरवून घेतलेली.

"साहेब, चार प्रती काढल्या तर गर्दी विभागेल," तो फोनवर म्हणाला.

"जागा कुठाय? ती आठवणच पुसून टाक. आपल्याला वेग गाठायचाय."

केराप्पाच्या डोक्यात सणक गेली. गाव बुडवतानाही यांना वेगच गाठायचा होता.

शेजारी बसलेली गऊकाकू म्हणाली, "पुस बाबा. माझ्या डोक्यातनं तर कवाच गेली. पर आधी एकदा बघून घे. म्या हितंच रोज बघते, तुझी आय हाय त्यात."

त्याने बघितलं. गुरं परतत होती, धूळ उडत होती, आणि तरणीताठी आई कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "केऱ्या, मुडद्या, जेवायला ये!"

फोन पुन्हा वाजला. "पुसली का?"

"नाही, आणि पुसणारही नाही. उद्यापासून भांडार आणखी हळू चालेल, साहेब. एक माणूस वाढलाय."